आयर्न मेडनचं फ्लाइट ६६६: दर गाण्याला नवीन शहर, पटतं का तुम्हाला?

पॉवरस्लेव्ह_पुणे

मंडळी, जुनाच वाद परत उकरून काढतोय. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या २००८ च्या वर्ल्ड टूरवरची फ्लाइट ६६६, तिची दुसरी डिस्क, म्हणजे डॉक्युमेंटरी नाही, नुसत्या गाण्यांची. १६ गाणी, आणि प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं. सुरुवात एसेस हायने, आपली मुंबई, १ फेब्रुवारी २००८, बीकेसीचं मैदान, आणि अंगावर काटा येतोय येतोय तोवर गाणं संपलं की पुढच्या गाण्याला आपण थेट मेलबर्नला. मग सिडनी, मग टोकियो, मग मेक्सिको, असं चालूच.

मला हे झेपत नाही. कॉन्सर्ट व्हिडिओ म्हणजे एक रात्र हवी राव. बँड पहिली दोन गाणी जरा बिचकत वाजवतो, मग तापतो, मधे कुठेतरी गडबड होते, शेवटी शेवटी गायकाचा आवाज खरखरायला लागतो आणि तरी तो ओढून नेतो, हे सगळं ओळीने बघायला मिळालं पाहिजे. इथे ब्रूसला (डिकिन्सन, मेडनचा गायक) घाम फुटला म्हणेपर्यंत पुढच्या गाण्यात तो एकदम फ्रेश, कारण तो दुसराच दिवस. रॉक इन रिओ (मेडनचाच २००१ चा कॉन्सर्ट व्हिडिओ) बघताना असं होत नाही. पण माझा एक मित्र छातीठोक सांगतो की मेडनची सगळ्यात भारी लाइव्ह डिस्क हीच.

तुमचं काय मत? आणि अजून एक, धाकट्या भावाला (कॉलेजला आहे, मेडन म्हणजे रील्समध्ये ऐकलेला द ट्रूपरचा तुकडा, एवढीच ओळख) पहिल्यांदा कुठला व्हिडिओ दाखवू? घरी मोठा टीव्ही आणि साधा साउंडबार आहे.

जुनी_कॅसेट

मी होतो त्या दिवशी बीकेसीला. मुंबईचं एकच गाणं घेतलं म्हणून तेव्हा मीही चिडलो होतो, पण आता वाटतं की घेतलं ते बरोबर गाणं घेतलं.

एक तर त्या अख्ख्या टूरचा तो पहिला शो होता. ऐंशीच्या दशकातली गाणी, पॉवरस्लेव्ह अल्बमच्या वेळचा तो इजिप्तचा सेट परत उभा केलेला, आणि सगळ्याचा श्रीगणेशा मुंबईत. अंधार झाला, मेडनचंच ट्रान्सिल्व्हेनिया वाजलं, मग एसेस हायच्या आधी लावतात ते चर्चिलचं भाषण, आणि आजूबाजूची माणसं ते भाषण तोंडपाठ म्हणत होती. बीकेसीच्या मैदानात, चर्चिलचं भाषण, कोरसमध्ये! मग एकदम लाइट आणि एसेस हाय. त्या गाण्याची पट्टी काय चीज आहे ते गाऊन बघ कधीतरी. ब्रूस तेव्हा ४९ वर्षांचा, गळा गरम व्हायच्या आधी पहिल्याच गाण्याला ते घ्यायचं म्हणजे चेष्टा नाही. व्हिडिओत एक-दोन ठिकाणी तो सूर पुरता पकडत नाही हे नीट ऐकलं तर कळतं, आणि मला तेच आवडतं, घासून पुसून चकचकीत केलेलं नाही.

आता तू म्हणतोस की एक रात्र हवी. मी ती रात्र बघितलेली आहे ना. आम्ही होतो तिथून स्टेज अर्धं दिसत होतं, धूळ नाकातोंडात, समोरच्या उंच माणसाने पूर्णवेळ दोन्ही हात वर धरलेले. व्हिडिओत मला जे मिळालं ते मैदानात मिळालंच नव्हतं, म्हणजे आपलीच माणसं समोरून बघायला मिळाली. वर्षानुवर्षं खोलीत दार लावून कॅसेटी ऐकणारे लोक, ज्यांना घरचे म्हणायचे काय ते किंचाळणं लावलंय, ते सगळे एका जागी. ही डिस्क बँडची कमी आणि पब्लिकची जास्त आहे. तसं बघितलं तर शहरं बदलणं खटकत नाही.

आणि हो, मेडन भारतात पहिल्यांदा आलं ते १७ मार्च २००७ ला बंगलोरला, पॅलेस ग्राउंड्सवर. दिल्लीचा बँड परिक्रमा, ते ओपनिंगला होते, आणि त्याच वर्षी ते इंग्लंडला डाउनलोड फेस्टिव्हलला वाजवून आले. बंगलोरवाले हे अजून ऐकवतात आम्हाला, म्हणून आधीच सांगून टाकलं.

बेस_गॅलप

पॉवरस्लेव्ह भाऊ, तुला हवी ती 'एक रात्र' बऱ्याच गाजलेल्या कॉन्सर्ट व्हिडिओंत पण नसते. मेडनचंच लाइव्ह आफ्टर डेथ घे, मार्च १९८५, लाँग बीच अरीना, कॅलिफोर्निया. ओळीने चार रात्री शो होते आणि व्हिडिओ एकापेक्षा जास्त रात्रींचा मिळून बनलाय. मेडन इंग्लंड, बर्मिंगहॅमचं एनईसी, नोव्हेंबर १९८८, दोन रात्री. कॉन्सर्ट शूट करायची ही सर्रास पद्धत आहे, पहिल्या रात्री कॅमेरे एका जागी, दुसऱ्या रात्री दुसऱ्या जागी, बँडने कपडे तेच घालायचे म्हणजे जोड दिसत नाही. तुला रात्र एक वाटते कारण तुला तसं वाटावं अशीच ती कापलेली असते.

फ्लाइट ६६६ मधे हे लपवलेलंच नाही. उलट स्क्रीनवर शहराचं नाव लिहून देतात. मला तरी हे जास्त प्रामाणिक वाटतं.

ज्याबद्दल बोललं पाहिजे ते म्हणजे साउंड. शहरं एवढी आणि मैदानं, स्टेडियम, बंदिस्त अरीना सगळं आलं, तरी ऐकताना झटका बसत नाही, कारण मिक्स केविन शर्लीचा आहे आणि त्याने बँडचा आवाज सगळीकडे एकाच जागी ठेवलाय, बदलतो तो पब्लिकचा आवाज. हे सोपं काम नाही. माझी तक्रार एकच, तीन गिटार असून बऱ्याच ठिकाणी दोनच ऐकू येतात. तिसरा गिटारवाला यॅनिक गर्स नाचताना दिसतो भरपूर, वाजवलेलं ऐकायला कान टवकारावे लागतात. (यॅनिकचे फॅन येतील आता अंगावर, या.)

आणि रॉक इन रिओचं एवढं कौतुक करताय तर एडिटिंगचं पण बोला की. स्टीव्ह हॅरिस स्वतः एडिटला बसला होता, माणूस बेसचा देव आहे, पण कात्री हातात दिली की एक शॉट धड टिकू देत नाही. सोलो सुरू झाला, बोटं बघायला डोळे लावावेत तर झप, ड्रम. झप, पब्लिक. झप, छपरावरून क्रेन. मी बेस वाजवतो, मला हॅरिसचा उजवा हात बघायचा असतो, ते गॅलप (घोडदौडीसारखा ताल) तो पिकशिवाय बोटांनी कसं काढतो ते सलग दहा सेकंद तरी बघू द्या. खुद्द त्यानेच कापलेल्या व्हिडिओत त्याचाच हात दिसत नाही, काय बोलायचं.

वॉल्यूम_अकरा

रॉक इन रिओ. विषय संपला.

बेस_गॅलप

@वॉल्यूम_अकरा संपला कसा, कारण तर सांग.

वॉल्यूम_अकरा

कारण फियर ऑफ द डार्क. अडीच लाख पब्लिक म्हणतात त्या दिवशी, १९ जानेवारी २००१, आणि ती माणसं शब्द नाही रे, गिटारची धून गातात. एडिटिंग गेलं उडत, मी डोळे मिटून ऐकतो. ब्रूस आणि गिटारवाला एड्रियन स्मिथ १९९९ ला बँडमधे परत आले, त्यानंतरच्या पहिल्या अल्बमच्या टूरचा तो शेवटचा शो. तिघं गिटारवाले एकत्र, बँडला परत भूक लागलेली, ते दिसतं. २००८ मधे ते आरामात वाजवतात, मस्त वाजवतात, पण ती भूक नाही.

जर्सीकर

मी तेव्हा नुकताच न्यू जर्सीला आलो होतो, मार्चमधल्या आयझॉड सेंटरच्या शोला ऑफिसातला एक तेलुगू मित्र आणि मी गेलो होतो. या डिस्कवर राइम ऑफ द एन्शंट मरिनर आहे ते तिथलंच. माझं मत जरा मधलं आहे. छोट्या गाण्यांना हे शहर बदलणं त्रास देतं, खरंय, चार-पाच मिनिटांत तुम्ही त्या जागेत शिरताय तोवर बाहेर काढतात. पण राइम १३ मिनिटांच्या वर जातं, तिथे हा फॉर्म्युला एकदम चालून जातो. मधला तो शांत भाग आहे ना, सगळं थांबतं, लाकडी जहाज करकरल्याचा आवाज, स्टेजवर धूर, बेसचे चार सूर, आणि पब्लिक पण गप्प. हॉलमधे तेव्हा खरंच तसं झालं होतं, बिअर आणायला निघालेले लोक जिन्यात थांबले होते. व्हिडिओत कॅमेरा तिथे घाई करत नाही, त्याबद्दल शंभर मार्क.

भावाला मात्र राइमने सुरुवात करून देऊ नकोस, पळून जाईल.

बाकी @वॉल्यूम_अकरा, भूक नाही हे मला मान्य नाही. ४५ दिवसांत २३ शो, आणि विमान गायक स्वतः उडवतोय. बोइंग ७५७, मागच्या सीटा काढून त्यात स्टेजचं सामान भरलेलं. पन्नाशीतल्या माणसांनी कशाला करायचं हे सगळं, पैसा काय कमी होता?

सातारी_हेडबँगर

सगळे गाण्यांवरच भांडताय, अरे आधी पहिली डिस्क बघा मग दुसरी, तरच ती कळते. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियनने बनवलेली डॉक्युमेंटरी आहे ती, ग्लोबल मेटल बनवणारी जोडगोळी. बोगोटाचा तो पोरगा आठवतो का, ड्रमर निकोची ड्रमस्टिक हातात आली म्हणून नुसता रडतोय, बोलता येत नाही त्याला. आणि ब्राझीलमधला तो पाद्री, अंगभर मेडनचे टॅटू! हे बघून झाल्यावर दुसऱ्या डिस्कवर बोगोटा असं नाव आलं की ते नुसतं शहर राहत नाही, तो पोरगा त्या गर्दीत कुठेतरी आहे हे आपल्याला माहीत असतं. मला त्या डिस्कवर शहरं तुटक वाटतच नाहीत ते यामुळे.

मी कॉलेजला असताना आमच्या गावात मेटल ऐकणारी मुलगी म्हणजे मी एकटीच, त्यामुळे पब्लिकचे शॉट मी जरा जास्तच बघते हेही खरं.

आणि निकोसाठी तरी बघा रे. डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोच्या शोनंतर त्याने टूरिंग थांबवलं, त्याच्या जागी आता सायमन डॉसन वाजवतो. फ्लाइट ६६६ च्या वेळी निको ५५ चा. अनवाणी पायाने, आणि आजकालचे पोरं डबल पेडलवर जे करतात त्यातलं बरंचसं हा एकाच पेडलवर करतो. ड्रमकिटच्या मागून घेतलेले शॉट आहेत तिथे पॉज करून बघा. डॉक्युमेंटरीत त्याला गोल्फचा बॉल लागतो तोही सीन आहे, तेव्हा टूरचं काय होणार म्हणून सगळ्यांची फाटलेली.

एन व्हिवोचं कोणी नाव नाही घेतलं? चिलेतलं सँटिआगो, १० एप्रिल २०११. पिक्चर क्वालिटी सगळ्यात उजवी, पण स्क्रीनचे तुकडे करून एकाच वेळी तीन-चार शॉट दाखवायची हौस आहे त्यात. कोणाला आवडतं कोणाला डोकेदुखी. मला आवडतं, गर्सपण दिसतो आणि सोलोपण दिसतो, @बेस_गॅलप तुझी सोय.

पॉवरस्लेव्ह_पुणे

@बेस_गॅलप कपड्यांचा मुद्दा भारी आहे, पण तरी सांगतो, लाँग बीचच्या चार रात्री म्हणजे तोच हॉल, तोच सेट, तोच आठवडा. घसा तोच, दमही तोच. मुंबई ते टोरंटोत (डिस्कवरचं शेवटचं गाणं तिथलं) दीड महिना आहे. मला तुटक वाटायचं ते वाटणारच.

@सातारी_हेडबँगर ताई, तुमचं मात्र करून बघतो. मी डॉक्युमेंटरी रिलीज झाली तेव्हा एकदा बघून ठेवून दिली होती, डिस्क दोन वेगळ्याच समजत होतो. भावाला पण पहिली डिस्कच दाखवतो बहुतेक, विमान उडवणारा गायक म्हटल्यावर तो बसेल.

जुनी_कॅसेट

बसेल की. आणि आवडलं त्याला तर पुढचं लाइव्ह आफ्टर डेथ. २००८ चा सगळा खटाटोप कशाची आठवण म्हणून होता ते त्यात कळतं, ब्रूस २६ चा आहे आणि स्टेजवर एका जागी उभाच राहत नाही. रिओ त्यानंतर. एन व्हिवो शेवटी, तोवर त्याला गाणी पाठ झालेली असतील, मग स्क्रीनचे कितीही तुकडे करा.

वॉल्यूम_अकरा

रिओ पहिलं.

बेस_गॅलप

साउंडबारवर डायलॉग का व्हॉइस मोड असतो तो बंद कर आधी. तो चालू असला तर बेस जातो आणि ब्रूस नुसता कानात ओरडतो, मग पोरगा म्हणेल हेच ऐकता का तुम्ही.