बाजू संपत आली की ताना फाटतात: साध्या टर्नटेबलचा आवाज कसा सुधारावा?

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे)

नमस्कार. वडिलांच्या पश्चात त्यांच्या साठेक एलपी, म्हणजे गाण्याच्या तबकड्या, माझ्याकडे आल्या असून त्यांत बहुतेक ख्यालगायनाच्या आहेत. त्या ऐकता याव्यात म्हणून मी बेल्टवर चालणारा एक साधा टर्नटेबल आणि आतच अँप्लिफायर असलेली स्पीकरची जोडी घेतली. या तिन्ही वस्तू दिवाणखान्यातील लाकडी शोकेसवर शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. विलंबित ख्याल चालू असेपर्यंत आवाज समाधानकारक असतो. परंतु तबकडीची बाजू संपत आली की द्रुत बंदिशीतील ताना फाटल्यासारख्या ऐकू येतात आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे कानाला टोचतात. शिवाय आवाज वाढवला की खालच्या पट्टीत गुरगुर सुरू होते. दुकानदार मोठे स्पीकर घ्या म्हणतो. तो खर्च करावा का?

उत्तर (नेरूळ)

स्पीकर तूर्त बदलू नयेत, कारण आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ सुईपाशी आहे.

गुरगुरीचे कारण शोकेस. स्पीकरची थरथर लाकडातून टर्नटेबलपर्यंत पोहोचते. तबकडीच्या खाचेत कोरलेली गाण्याची लहर कोणती आणि फळीचा हादरा कोणता हे सुईला कळत नसल्यामुळे ती दोन्ही उचलते, आणि तोच हादरा पुन्हा मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो. स्पीकर वेगळ्या स्टँडवर न्यावेत. टर्नटेबलखाली मी ओट्याच्या कामातून उरलेला कडप्पा चार रबरी गुट्ट्यांवर ठेवून गवंड्याच्या पाणसळीने समतल केला आहे, आणि इतक्या कमी खर्चात इतका फरक मला दुसऱ्या कशानेही पडलेला नाही.

तानांचे कारण अधिक रंजक आहे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे एकाच गतीने घेते, परंतु बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते, तर अगदी आतल्या फेऱ्यांत ती जेमतेम २१ सेंटीमीटर उरते. त्या कमी लांबीत तेवढ्याच लहरी दाटीवाटीने कोरलेल्या असल्याने सुईला तेथील वळणे घेणे अवघड जाते. आपल्या संगीताचे दुर्दैव असे की शांत आलाप बाहेरच्या ऐसपैस खाचांत येतो आणि सर्वांत वेगवान ताना नेमक्या आतल्या दाटीत येतात. म्हणून प्रथम सुईचा भार, म्हणजे ती तबकडीवर किती वजनाने टेकते ते, तपासावा. तो कार्ट्रिजच्या (सुई जिच्यात बसवलेली असते त्या डबीच्या) कंपनीने सांगितला असेल तितकाच, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या कार्ट्रिजला २ ग्रॅम, ठेवावा. भार कमी ठेवला की तबकडी जपली जाते हा समज चुकीचा आहे; हलकी सुई खाचेच्या भिंतींवर आपटत राहते आणि झीज वाढते. त्यानंतर कार्ट्रिजचा कोन कागदावर छापून घेतलेल्या मापपट्टीवर जुळवावा. मात्र छपाई शंभर टक्के आकारातच झाली आहे ना, हे फूटपट्टीने पाहावे. एवढे करूनही ताना फाटल्या, तर गोल टोकाच्या सुईऐवजी लंबवर्तुळाकार टोकाची सुई घ्यावी. ती स्पीकरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

उत्तर (नौपाडा, ठाणे)

वरील सल्ल्याशी सहमत आहे. आपल्याकडील पावसाळ्यात जुन्या तबकड्यांना बुरशी लागते, तेव्हा त्या आधी धुवाव्यात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश घेऊन खाचेच्या दिशेने गोल फिरवावे, लेबल कोरडे ठेवावे. संग्रहात ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या असल्यास त्यांना अल्कोहोल मुळीच लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. शिवाय त्यांची खाच रुंद असल्याने त्यांना वेगळी सुई लागते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. स्पीकर स्टँडवर नेल्यावर गुरगुर थांबली. भार मोजला तेव्हा २ ग्रॅमऐवजी १.२ ग्रॅमच निघाला. तो मीच, तबकड्यांना इजा होऊ नये म्हणून, कमी ठेवला होता. आता बहुतेक तबकड्यांत शेवटच्या ताना स्वच्छ येतात आणि तबल्याचा डग्गाही वेगळा ऐकू येतो. वडिलांनी सर्वांत जास्त वाजवलेल्या तीन-चार तबकड्या मात्र अजूनही चरचरतात.

उत्तर (नेरूळ)

त्या काळच्या घरगुती रेकॉर्ड प्लेअरच्या सिरॅमिक कार्ट्रिजचा भार अनेकदा ५-६ ग्रॅम असे, त्यामुळे त्या खाचा झिजल्या असाव्यात. तबकड्या टाकून देऊ नका. लंबवर्तुळाकार सुई भिंतीच्या किंचित निराळ्या भागाला टेकते, आणि तो भाग कधीकधी शाबूत असतो. माझ्याकडे तशी सुई आहे. आपण एखाद्या रविवारी त्यांतली एक तबकडी घेऊन आलात, तर ऐकून पाहता येईल.