वॉकर, फुलर, टकर: एकाच कामाला मराठीत काय म्हणावं?

मागावरचा: इंग्रजीतून भाषांतर करताना अडलेलं वाक्य असं: ‘वॉकर, फुलर आणि टकर ही तिन्ही आडनावं एकाच धंद्यातली.’ कच्च्या मसुद्यात वॉकर ‘चालणारा’ झालाय, फुलर ‘परीट’, आणि टकर तसाच राहिलाय. म्हणजे वाक्याचा मुद्दाच गेला. धंदा म्हणजे लोकरी कापड तुडवून, आटवून घट्ट करण्याचा. तिघांना मिळून एक शब्द सुचवा.

जुनीपोथी: फुलर म्हणजे कापड फुलवणारा. शब्द आपल्या कानाला ओळखीचाही वाटतो.

कातीव: कानाला वाटतो, पण काम नेमकं उलटं आहे. फुलर आला लॅटिन ‘फुल्लो’वरून, आणि त्याच्या हाताखाली कापड फुलत नाही, आटतं. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ आणि तेलकट असतं. ते हौदात घालून त्यावर शिळं मूत्र ओतायचे, कारण त्यातला अमोनिया तेल सोडवतो. उरलेलं तेल माती शोषून घेते. आपल्या मुलतानी मातीला इंग्रजीत ‘फुलरची माती’ म्हणतात ते यामुळेच. मग तासन्‌तास तुडवणं. लोकरीच्या तंतूवरचे खवले एकमेकांत अडकतात, वीण दिसेनाशी होते, पन्हा सहज एक तृतीयांश कमी होतो. तुडवणं कमी पडलं तर वारा आरपार जातो, जास्त झालं तर कापड पुठ्ठ्यासारखं ताठरतं. शेवटी हुक लावलेल्या चौकटीवर ताणून वाळवायचं, नाहीतर कडा वेड्यावाकड्या येतात.

जुनीपोथी: तुडवणं म्हणजे चालणंच ना? मग ‘चालणारा’ अगदीच चूक कसा?

कातीव: कारण जुन्या इंग्रजीत ‘वेल्कन’ म्हणजे लोळवणं, घुसळणं. चालण्याचा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला. जर्मनमध्ये ‘वाल्कन’चा अर्थ आजही कापड असं मळून आटवणं हाच आहे. टकरचं मूळ ‘तुकियन’, म्हणजे छळणं, पिळणं.

नकाशेवाला: या तीन नावांत खरी गंमत भूगोलाची आहे. उत्तर इंग्लंड आणि पश्चिम मिडलंड्समध्ये वॉकर, आग्नेयेला फुलर, नैऋत्येला टकर. एक्सेटरमध्ये या कारागिरांचं ‘टकर्स हॉल’ १४७१ पासून उभं आहे. कापड कुटणारे, पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे १२व्या शतकातच आले होते. पायांचं काम गेलं, आडनावं राहिली. १६२०मध्ये इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेला नेणाऱ्या ‘मेफ्लॉवर’ जहाजावर एडवर्ड आणि सॅम्युएल हे फुलर बंधू होते, गाव नॉरफकमधलं रेडनहॉल. म्हणजे फुलरांच्याच पट्ट्यातलं. पण अमेरिकेतला प्रत्येक वॉकर यॉर्कशरचा समजू नका. स्कॉटलंडमधल्या गेलिक ‘मॅक अन उखकदर’, म्हणजे कापड मळणाऱ्याचा मुलगा, यांनीही इंग्रजीत ‘वॉकर’ घेतलं. गुलामगिरीतून सुटलेल्या कित्येक कुटुंबांकडेही हे नाव आहे. आडनाव धंदा सांगतं, रक्त सांगत नाही.

मागावरचा: आणि शर्मन हे आडनाव?

नकाशेवाला: तो पुढच्या पायरीवरचा. आटवलेल्या कापडाची लव एका रोपाच्या काटेरी बोंडांनी उभी करून मोठ्या कात्रीने कापायची, तो ‘शिअरमन’. एसेक्समधल्या डेडमचे शर्मन कापडाच्याच धंद्यातले. १६३०च्या दशकात मॅसॅच्युसेट्सला गेले. अमेरिकन यादवी युद्धातला जनरल शर्मन त्याच घराण्यातला.

परंपरा: मराठी बायबलात मार्क ९:३ मध्ये फुलरसाठी ‘परीट’च आहे. रुळलेला शब्द सोडून नवा कशाला पाडायचा?

कातीव: तिथे मुद्दा कपडे पांढरेशुभ्र करण्याचा आहे, म्हणून परीट शोभतो. परीट वापरलेलं कापड धुतो आणि ते आटू नये म्हणून जपतो. हा कोरं कापड मुद्दाम आटवतो. ‘लोकर-मळ्या’ म्हणा.

परंपरा: ‘मळ्या’ वाचून लोकांना शेत आठवेल.

जुनीपोथी: आमचे सनगर घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात. शब्द तिथून घ्या, ‘खळकरी’.

कातीव: खळ धाग्याला ताठपणा देते, तंतू एकमेकांत गुंतवत नाही. दोन्ही कामं वेगळी. पण घोंगडीवर चर्चेचा वेगळा धागा काढा, त्यावर लिहिण्यासारखं खूप आहे.