वाफेचं इंजिन: श्रेय प्रोफेसरचं की मिस्त्रीचं?

नववीतल्या_मुलीचा_बाप:
शाळेत वादविवाद स्पर्धा आहे. विषय 'औद्योगिक क्रांती विज्ञानामुळे झाली', आणि लेकीला बाजूनं बोलायचंय. मदत करायला म्हणून वाचायला बसलो, तर उलटंच दिसायला लागलं. वाफेचं इंजिन बनवणारा न्यूकमेन हा इंग्लंडमधल्या डार्टमथचा लोखंडी सामानाचा व्यापारी. सूतकताईचं यंत्र काढणारा आर्कराइट न्हावी. रेल्वेचं इंजिन बनवणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सनला तर अठराव्या वर्षापर्यंत लिहावाचायला येत नव्हतं. मग यात विज्ञान कुठं आलं? पोरीला काय सांगू?

उगाच_एक:
सोप्पंय. वॉटनं किटलीचं झाकण उडताना पाहिलं, इंजिन झालं. (पळतो.)

बोअर_मारतो:
किटली राहू द्या चहापुरती. पस्तीस वर्षं लेथ आणि बोरिंग मशीनवर (धातूत आतून गोल भोक कोरणारं यंत्र) उभा राहिलोय, म्हणून दोन शब्द लिहितो. नाव त्यावरूनच घेतलंय, लांबलं तर माफी.

न्यूकमेनचं इंजिन 1712 चं. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, आत गार पाण्याचा फवारा मारायचा, वाफेचं पाणी झालं की पोकळी होते आणि बाहेरची हवा दट्ट्या खाली दाबते. हवेला वजन असतं हे टॉरिचेलीनं 1643 मध्ये दाखवलं होतं. ते कुणालाच ठाऊक नसतं तर असलं यंत्र डोक्यात येणं अवघड होतं. पण प्रत्येक फेऱ्याला अख्खा सिलिंडर गार पडायचा, आणि पुढची वाफ तो परत तापवण्यातच जायची. कोळसा नुसता खायचं.

ग्लासगो विद्यापीठात याचं एक छोटं मॉडेल होतं, ते 1763 च्या हिवाळ्यात दुरुस्तीला आलं जेम्स वॉटकडे. हा तिथला विद्यार्थी नव्हे, उपकरणं बनवणारा कारागीर. उस्तादाच्या हाताखाली काम शिकायची त्याची उमेदवारीसुद्धा पुरी सात वर्षं झालेली नव्हती, म्हणून गावातल्या कारागिरांच्या संघानं दुकान घालू दिलं नाही. विद्यापीठानं आवारातच खोली दिली. वॉटनं मोजून पाहिलं: थोड्याशा पाण्याची वाफ त्याच्या सहापट वजनाचं गार पाणी उकळीला आणते. चक्रावला, आणि जोसेफ ब्लॅक या प्रोफेसरांना विचारलं. ते सुप्त उष्णता, म्हणजे वाफेत दडलेली आणि तिचं पाणी होताना बाहेर पडणारी उष्णता, आधीपासूनच शिकवत होते. (मोदकपात्राचं झाकण काढताना हात भाजलेल्यांना ही उष्णता माहीत असते, फक्त नाव माहीत नसतं.) 1765 मध्ये वॉटला सुचलं की वाफ थंड करायला भांडंच वेगळं ठेवावं, सिलिंडर कायम गरम राहील. 1769 ला पेटंट.

आणि मग? मोठं इंजिन काही धड चालेना. कारण सिलिंडर गोल नव्हता! दट्ट्याच्या कडेनं वाफ निसटायची. तेव्हाचा बोरिंग बार, म्हणजे कोरायचं टूल बसवलेला दांडा, एकाच टोकाला धरलेला असायचा, टूल ओतकामाच्या खड्ड्याउंचवट्यांमागे भरकटायचं. मी उमेदवार असताना असाच एक लायनर (सिलिंडरच्या आत बसणारं नळकांडं) घालवलाय. बार नको तितका बाहेर काढला, तोंडाशी माप बरोबर, आत माप दाखवणाऱ्या डायलचा काटा नाचतोय. उस्तादांनी जॉब न बोलता भंगारात टाकला.

हे सोडवलं जॉन विल्किन्सननं, 1775 च्या सुमारास. तोफा ओतणारा माणूस, लोखंडाचं वेड इतकं की शवपेटीही लोखंडाचीच करवून घेतली. त्यानं बार सिलिंडरच्या आरपार नेला आणि दोन्ही टोकांना धरला. 50 इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीइतकीही चूक नाही, असं वॉटचा भागीदार बोल्टन लिहितो. 1776 मध्ये इंजिनं कामाला लागली.

म्हणजे कोळसा कुठं वाया जातोय हे मोजमापानं सांगितलं, आणि तो वाचवायला दहा वर्षं सिलिंडर गोल व्हायची वाट पाहावी लागली. लेकीला एक स्टीलची पट्टी द्या. एक टोक धरून दाबायला सांगा, मग दोन्ही.

नववीतल्या_मुलीचा_बाप:
काका, दंडवत. पट्टी दाबून दाखवली. ती म्हणते, "बाबा, ब्लॅक आणि मोदक मी घेते. पट्टी विरुद्ध बाजूची आहे, कुणाला सांगू नका."