ड्रेस वॉचच्या ब्रँडनं स्पोर्ट्स वॉच काढावं का?

टिकटिक_वेडा:
बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. लांगे उंड झोने, ग्लासह्यूटची जर्मन कंपनी, १९९४ मध्ये लांगे १ आणि सॅक्सोनिया वगैरे घेऊन परत उभी राहिली तेव्हापासून तिची ओळख म्हणजे ड्रेस वॉच, म्हणजे सूटवर घालायचं साधं-सुबक घड्याळ: सोनं नाहीतर प्लॅटिनम, चामड्याचा पट्टा आणि शांत डायल. मग २०१९ ला ओडिसियस आलं, स्टीलची केस, स्टीलचंच ब्रेसलेट, १२० मीटरचं वॉटर रेझिस्टन्स. घड्याळ देखणं आहे यात वाद नाही, पण मला अजून पटत नाहीये. पोहायला आणि डोंगर चढायला घड्याळ देणारे ब्रँड ढिगानं आहेत, मग इतकी बारीक फिनिशिंग करणारे जे मोजके हात आहेत त्यांचा वेळ यात का घालायचा? नुसतं 'मार्केटला हवंय' म्हणू नका प्लीज, कारणं द्या.

चावीवाला:
अरे पण ड्रेस आणि स्पोर्ट्स हे कप्पे आधी इतके वेगळे नव्हतेच. रिव्हर्सो नावाचं घड्याळ बघ, १९३१ चं, पोलो खेळताना काच फुटू नये म्हणून केस उलटी फिरवायची सोय केली, आणि आज लोक ते सूटवर घालतात. कार्टियेचं सँतोस १९०४ चं, विमान चालवताना खिशातलं घड्याळ काढून बघणं जमेना म्हणून सँतोस-द्यूमाँ या वैमानिकासाठी केलेलं. म्हणजे कामासाठी बनलेल्या वस्तूच पुढे ड्रेस वॉच झाल्या. आणि १९७२ चं रॉयल ओक घे, बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांनी सगळी मेकॅनिकल घड्याळं धोक्यात आणली होती तेव्हा ऑडेमार पिगेनं स्टीलच्या घड्याळाला सोन्याच्या घड्याळाइतकी फिनिशिंग दिली, जेराल्ड जेंटाचं डिझाइन, ३९ मिमी, त्या काळी केवढं मोठं! चार वर्षांनी पाटेक या कंपनीचं नॉटिलस, तेही डिझाइन जेंटाचंच. तेव्हा हे केलं नसतं तर ऑडेमार पिगे आज या जागी असती असं मला वाटत नाही.

मूनफेज:
इतिहास बरोबर आहे पण त्याचं पुढे काय झालं तेही सांग ना. आज ऑडेमार पिगे म्हटलं की रॉयल ओक, संपलं. त्यांची पातळ, गोल, जुन्या वळणाची घड्याळं किती सुरेख आहेत, कोणी बघतच नाही. पाटेकनं २०२१ मध्ये नॉटिलसचं स्टीलचं ५७११ मॉडेल बंद केलं, मागणी प्रचंड असताना, आणि मला तो निर्णय फार आवडला कारण एकच मॉडेल सगळा ब्रँड गिळतं तेव्हा त्यांच्याच कलात्राव्हा या ड्रेस वॉचसारखं १९३२ पासून चालत आलेलं डिझाइन कोपऱ्यात जातं. माझं उत्तर, काढा पण लगाम हातात ठेवा.

अर्धा_सेकंद:
मूनफेजला +१. वाट बघणाऱ्यांच्या रांगा लागल्या की घड्याळाबद्दल कोणी बोलतच नाही, फक्त रीसेल.

चावीवाला:
@टिकटिक_वेडा तुझ्या कारागिरांच्या मुद्द्यावर येतो कारण खरा मुद्दा तोच आहे. ओडिसियसमध्ये त्यांनी नेहमीची मशीन उचलून जाड केसमध्ये टाकली नाही. लांगेच्या घड्याळात बॅलन्स व्हील, म्हणजे मागे-पुढे फिरून वेळेची लय ठरवणारं चाक, सहसा एकाच बाजूनं धरलेलं असतं, त्यावर हातानं फुलांची नक्षी. इथे धक्का सोसावा म्हणून दोन्ही बाजूंनी पकडणारा ब्रिज, म्हणजे आडवी पट्टी, दिला, आणि त्यावरही हाताचीच नक्षी आहे, लाटांची. वार आणि तारीख बदलायची बटणं क्राउनच्या (चावी द्यायच्या गोल बटणाच्या) वर-खाली केसच्या आकारातच अशी मुरवलीत की पटकन दिसतही नाहीत आणि तरी १२० मीटर टिकतं. ड्रेस वॉचला बहुतेक ३० मीटर पुरतं, तिथे हा प्रश्नच येत नाही. म्हणजे त्याच हातांना नवीन अडचण दिली आणि त्यांनी ती आपल्या पद्धतीनं सोडवली. याला मी वेळ वाया म्हणणार नाही. दुसऱ्याचं डिझाइन बघून रॉयल ओकसारखे आठ कोन आणि ब्रेसलेट चिकटवलं असतं तर मीच पहिला ओरडलो असतो.

टिकटिक_वेडा:
ब्रिजचं माहीत नव्हतं, हे कारण पटलं. पण मग एक अट माझी, अशा घड्याळामुळे नवीन ड्रेस मॉडेल यायचं थांबता कामा नये, आणि स्पोर्ट्सवाल्याच्या पाच रंगांच्या डायल काढून त्याला नवीन घड्याळ म्हणू नये. मूनफेज म्हणतोय त्याची भीती मला लांगेबद्दलही वाटते.

मूनफेज:
रंगांचं अगदी बरोबर. बाकी ओडिसियस कुठे मिळालं तर हातात घालून बघच, क्लास्पवरचा (ब्रेसलेटच्या कडीवरचा) लोगो दाबला की ब्रेसलेट सात मिमीपर्यंत सैल-घट्ट करता येतं, घड्याळ न काढता. दिवसभरात मनगट फुगतं त्यांना याची किंमत कळेल, माझी तर इच्छा आहे की ही सोय त्यांनी बाकीच्या बकलांमध्येही आणावी.