ए विंगमधला घूंऽऽ आवाज

बी-३०२: नमस्कार, तक्रार नाहीये पण गेले पंधरा दिवस संध्याकाळी ए विंगमधून घूंऽऽ घूंऽऽ असा आवाज येतो, मला वाटलं पंपाचं बेअरिंग गेलं, वॉचमनला बघायला पाठवलं तर पंप बंदच होता. मुलीचं दहावीचं वर्ष आहे, कुठून येतो ते कळलं तर बरं होईल

ए-४०२: अगं तो आमच्याकडचा आवाज, खरंच सॉरी, ग्रुपवर आधी सांगायला हवं होतं. आमचे हे डिजरीडू, म्हणजे लांब पोकळ नळीसारखं फुंकायचं वाद्य, वाजवायला शिकतायत. घोरणं ह्यांचं लग्नापासूनचं, त्याची मला सवय होती, पण गेल्या वर्षी लक्षात आलं की घोरता घोरता एकदम सगळं शांत होतं, श्वासच नाही, मी अंधारात आकडे मोजत पडून राहायचे, पंधरा, वीस, पंचवीस, आणि मग गुदमरल्यासारखा आवाज होऊन श्वास परत सुरू. ह्यांना सकाळी काही आठवायचं नाही, नुसतं डोकं जड. एकदा गाडीत सिग्नलला डुलकी लागली तेव्हा मात्र मी हट्टच धरला, स्लीप स्टडी म्हणजे झोपेतली तपासणी केली, तासाला २२ वेळा श्वास अडत होता. स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार. सीपॅप मशीन लागलं, मास्कमधून दाबाने हवा देणारं, ते रोज लावतात, आणि त्याच्या जोडीला डॉक्टरांना विचारूनच हे वाजवणं

सी-२०५: काकू हे वाजवून खरंच फरक पडतो का? बाबांना पण मशीन दिलंय, ते वैतागलेत, मास्क नको म्हणतात. बंद करून हे सुरू केलं तर?

सी-१०१: मशीन अजिबात बंद करू नका. झोपेत जीभ, टाळू आणि घशाचे स्नायू सैल पडतात, हवेचा रस्ता मिटतो, ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो आणि हे रात्रभर चालतं. सीपॅप हवेच्या दाबाने तो रस्ता उघडा ठेवतं, ते लावलं त्या रात्री काम करतं. वाजवण्याचा उपयोग झालाच तर घशाचे स्नायू हळूहळू घट्ट होऊन, त्याला महिने लागतात. झुरिकच्या लोकांनी यावर नीट ट्रायल केली होती, २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. २५ पेशंट, काहींना डिजरीडू शिकवलं, बाकीच्यांना वेटिंगवर ठेवलं. शिकणारे ४ महिने आठवड्यातून जवळपास ६ दिवस रोज सरासरी २५ मिनिटं वाजवत होते. वेटिंगवाल्यांच्या तुलनेत त्यांची दिवसाची पेंग कमी झाली, श्वास अडणं तासाला साधारण ६ ने कमी झालं, आणि शेजारी झोपणाऱ्यांनीही त्रास कमी झाल्याचं सांगितलं

सी-१०१: पण ट्रायल लहान होती, आणि तासाला १५ ते ३० वेळा श्वास अडणारेच घेतले होते, फार लठ्ठ माणसं नव्हती. झोपेची एकूण प्रत सुधारल्याचंही दिसलं नाही. बाबांचा आकडा किती?

सी-२०५: ४१

सी-१०१: म्हणजे तीव्र. मास्क बोचतो का, हवा गळते का ते विचारा, साईज बदलून मिळते. बहुतेकांचं वैतागणं तिथेच असतं

ए-१०३: मी बासरी वाजवतो रोज, मग मला होणार नाही असं समजायचं का? आणि आपल्या सनईवाल्यांचं काय

ए-४०२: काका बासरीचं ठामपणे नाही सांगता येणार, त्यात हवा भोकावरून बाहेर जाते, ओठ-घशावर तेवढा दाब येत नाही. डिजरीडूमध्ये ओठ सैल ठेवून फडफडवायचे आणि सूर तोडायचाच नाही, गालात हवा साठवून ती बाहेर दाबताना त्याच वेळी नाकाने श्वास आत ओढायचा. सनईच्या मागे जो नुसता सूर धरून बसतो ना, त्याचा दम असाच न तुटता चालतो, पुंगीवाल्याचाही. ह्यांना ते अजून येत नाही, ग्लासात पाणी घेऊन स्ट्रॉने बुडबुडे काढत प्रॅक्टिस चालते, बुडबुडे थांबले की चुकलं. वाद्य मूळचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या लोकांचं, अर्नहेम लँडचे योलंगू लोक त्याला यिडाकी म्हणतात, वाळवीने आतून पोखरलेलं निलगिरीचं खोड असतं. आमचं साधं दीड इंची पीव्हीसी पाईपचं आहे, सव्वाचार फुटांचं, तोंडाला मधमाशांचं मेण लावलंय

बी-३०२: काकू मला काहीच माहीत नव्हतं, वाजवू देत काकांना, फक्त साडेसातला ती अभ्यासाला बसते

ए-४०२: मग सहा ते साडेसहा ठेवू, खिडकी लावून. दोनच महिने झालेत गं, फरक पडला असं मी आत्ता म्हणणार नाही, मशीनमुळेही असेल, पण दुपारी पेपर वाचताना मान पडायची ती आता पडत नाही. दिवाळीनंतर परत स्लीप स्टडी आहे, आकडा इथे कळवेन

बी-३०२: एक विचारू का, आमच्याकडे पण मध्येच असा श्वास थांबतो, मी इतके दिवस नुसतं ढकलून कुशीवर वळवत होते

ए-४०२: आज रात्री मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेव, डॉक्टरांना ऐकवायला उपयोगी पडतो. आणि उद्या सकाळी माझ्याकडे ये, आमचे रिपोर्ट दाखवते