पत्रकात ‘खंडणी’ लिहावे की आणखी काही?

प्रश्नकर्ती, नवी पेठ, सोलापूर: व्यापाऱ्यांसाठी एक पानी माहितीपत्रक लिहीत आहे. धमकावून पैसे मागणारा कसा ओळखावा, त्याला सुरुवातीलाच कसे अडवावे आणि तक्रार कोठे करावी, एवढाच त्याचा विषय आहे. मी सर्वत्र ‘खंडणी’ लिहिले होते. मसुदा वाचून चाटी गल्लीतील एक ज्येष्ठ कापड व्यापारी म्हणाले, “आम्ही खंडणी कधीच दिली नाही. पोरे येतात, त्यांना काहीतरी द्यावे लागते, नाहीतर रात्री काचा फुटतात.” ज्यांच्यावर हा प्रसंग येतो त्यांनाच तो शब्द आपला वाटत नसेल, तर कोणता शब्द योजावा?

निवृत्त मराठी शिक्षक: जुन्या दंडसंहितेच्या मराठी पाठात ‘बलाद्ग्रहण’ (बळाने घेणे) हा शब्द आहे आणि तोच वापरावा. ‘खंडणी’ हा राज्यव्यवहारातला शब्द असून मांडलिकाने द्यायची ठरीव रक्कम असा त्याचा अर्थ आहे. ‘खंडणे’ म्हणजे ठरवणे. जमीन खंडाने (ठरीव रकमेवर कसायला) देणे, खंडकरी हे शब्द आपल्या जिल्ह्यात आजही जिवंत आहेत. गुंडाच्या मागणीला असा कराराचा शब्द लावला की तिला नकळत मान मिळतो.

वकील, दक्षिण कसबा: सर, आपल्याविषयी आदर राखून असहमती नोंदवतो. ‘बलात्’ म्हटले की हिसकावून घेणे डोळ्यांसमोर येते, आणि या गुन्ह्याचे मर्म नेमके त्याच्या उलट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ प्रमाणे (पूर्वीच्या भारतीय दंडसंहितेचे ३८३) इजेची भीती घालून माणसाला स्वतःच्या हाताने पैसे द्यायला लावणे हा गुन्हा आहे. ही इजा शरीराची असेल, मालमत्तेची असेल किंवा अब्रूचीही असेल. म्हणूनच “मीच तर दिले” असे म्हणून व्यापारी गप्प राहतात. पूर्वी तीन वर्षांपर्यंत असलेली शिक्षा आता सात वर्षांपर्यंत आहे, आणि पैसे हाती पडले नाहीत तरी त्यासाठी भीती घालणे हाच वेगळा गुन्हा आहे. ताई, त्या व्यापाऱ्यांचे “द्यावे लागते, नाहीतर” हे शब्दच पत्रकाच्या मथळ्यात घ्यावेत, असे मला मनापासून वाटते.

यंत्रमागधारक, पूर्वभाग: आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि या पैशाला ‘मामूलु’ म्हणतात, कन्नड शेजारीही ‘मामूल’च म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ रूढ, वहिवाटीचे असा आहे. माझे वडील खर्चाच्या वहीत ही रक्कम वीजबिलाखाली त्याच नावाने मांडत असत, आणि मला हा शब्द सर्वांत घातक वाटतो, कारण भीतीने दिलेला पैसा त्यामुळे नेमाचा खर्च होऊन बसतो. ‘हप्ता’ही नको, तो कर्जाचाही असतो.

मंडळाचा कार्यकर्ता: वर्गणीला यात ओढू नये, ही विनंती. गणेशोत्सव असो वा जयंती, नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते (सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, कलम ४१ क). परवानगीपत्र आणि पावती मागण्याचा हक्क दुकानदाराला आहे, तसेच नाही म्हणण्याचाही. नकारानंतर जो दुसऱ्या दिवशी दमदाटीला येतो, तो वर्गणी मागत नाही.

वकील, दक्षिण कसबा: हे वाक्य पत्रकात जसेच्या तसे यावे. आणखी एक भेद लिहावा : सरकारी नोकर कामासाठी पैसे मागत असेल तर ती लाच, आणि तिची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे १०६४ वर करावी. इतरांची धमकी असेल तर ११२ वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. हद्दीचे कारण देऊन दखलपात्र गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही. संदेश आणि कॉलची नोंद पुसू नये.

निवृत्त मराठी शिक्षक: कायद्याचे मान्य आहे, परंतु शब्दाचे नाही. लोक वापरतात म्हणून ‘खंडणी’ स्वीकारायची, तर ‘मामूल’ही लोकच वापरतात, मग त्याला घातक का म्हणायचे?

शेतकरी कुटुंबातील एक वाचक, माळशिरस: सर, ‘खंड’ म्हणजे खुशीचा करार, हेही आमच्याकडे कोणी मानणार नाही. साखर कारखान्यांना खंडाने दिलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी आमच्या वाडवडिलांना कित्येक दशके झगडावे लागले. ‘खंडणे’चा ‘तुकडा तोडणे’ हा अर्थ आपण का सोडलात, ते कृपया सांगावे.