शाळेतली ड्रिल फोटोपुरती राहू नये म्हणून काय करायचं?

पाटणच्या बाई:
पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी, शिक्षक दोनच. कोयनेच्या पट्ट्यात जमीन हलणं नवीन नाही. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप पहाटे झाला. तो शाळा भरलेली असताना झाला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आमची ड्रिल म्हणजे घंटा, रांग, मैदानात फोटो आणि वर अहवाल. दुसरीतला एक मुलगा कुबड्या घेऊन चालतो, त्या दिवशी त्याला आधीच बाहेर बसवतात. वर्गाचं दार आत उघडतं. खिचडीची खोली वर्गाला लागून, सिलिंडर तिथेच. सुरुवात कुठून करू?

निवृत्त फायरमन:
बाई, आधी खिचडीची खोली. 16 जुलै 2004 ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातूनच आग लागली. झावळ्यांच्या छपराने पेट घेतला, जिना अरुंद, 94 मुलं गेली. त्यानंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं की सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. त्याचा उल्लेख करून सिलिंडर आणि दारासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या, पोच घ्या. अग्निशामक नळकांडं चालवायला स्वयंपाक करणाऱ्या मावशींना शिकवा. आग लागली तर तिथे त्याच असणार. पिन ओढायची आणि मारा ज्वाळेवर नाही, आगीच्या बुडाशी करायचा.

लातूरचा मास्तर:
भूकंपाची ड्रिल वेगळी घ्या. हादरे चालू असताना पळायचं नाही. बाकाखाली शिरायचं, बाक नसतील तर खिडकी-कपाटापासून लांब खाली बसून दप्तराने डोकं-मान झाकायची. हादरे थांबले की मगच बाहेर. आणि हजेरीपट तुमच्या हातात हवा, नाहीतर कोण आत राहिलं ते कळणार कसं? 2011 च्या त्सुनामीत जपानमधल्या कामाइशीत मोठी मुलं धाकट्यांचे हात धरून डोंगराकडे पळाली. त्यांचा तसा सराव होता.

पाटणच्या बाई:
दादा, हे पटलं. चौथीतला एकेक पहिलीतल्या एकेकाला जोडून देते. कुबड्यावाल्या पोराला आता बाहेर बसवणार नाही. त्याच्यासोबत ड्रिल घ्यायची, वेळ लागेल तेवढा लागू दे. त्याला उचलायचं कोणी, हे मी आणि सर आजच ठरवतो. दाराचा विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडते, सुतार गावातलाच आहे. एक राहिलंच: मैदानाच्या फाटकाला दिवसभर कुलूप असतं, किल्ली सरांच्या खिशात. सर रजेवर असले तर?

निवृत्त फायरमन:
शाळा भरलेली असताना कुलूप नको, नुसती कडी. बाहेरची गुरं येतात म्हणतील, तरीही.